हातानं तपासा

विमानतळावरच्या तपासणाऱ्यानं फिल्मच्या रोलवरची कागदी पट्टी नखानं फाडली. मी म्हणाले, "साहब, मत खोलो, अंदर फोटो है." त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. कागदाचं एक टोक धरलं आणि ओलं फडकं झटकावं तसं झटकलं. कागद उलगडत खाली आला. त्याला चिकटलेली फिल्म उलगडत आली, टेबलावरून घसरली, फरशीवर गेली. डोक्यावर पांढऱ्या दिव्यांच्या रांगा होत्या. त्यानं फिल्म उचलून दिव्यासमोर धरली, उलटसुलट पाहिली आणि शेजारच्याला म्हणाला, "इसमें तो कुछ भी नहीं है."

माझी बहीण होती त्यात.

मी विट्याची. आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा कॉम्प्युटरवर बसतो, पासपोर्ट, लग्नाचे अल्बम, शाळांची ओळखपत्रं बघतो. मी डार्करूम सांभाळते. आता डार्करूम कोण वापरतं, असं लोक विचारतात. काही बायका वापरतात. आमच्या स्टुडिओत सासूबाईंपासूनची एक रीत आहे. बाईचा फोटो काढला की निगेटिव्ह बाईच्या हातात द्यायची. स्टुडिओत ठेवायची नाही. सासूबाईंच्या काळात कुणाही पोरीचा फोटो न विचारता काचेच्या कपाटात लागायचा, कुणाच्याही खिशात जायचा. म्हणून ही रीत. फोन आल्यावर तर फोटो कुठं कुठं फिरतो ते सांगायला नको. ज्या बाईला आपला चेहरा आपल्याकडंच ठेवायचा असतो ती अजून आमच्या मागच्या दारानं येते आणि म्हणते, रीळवाला काढा.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, कोड होतं. शाळेत असताना ओठाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका आला, मग गालावर, मग कपाळावर, मग हातांवर. आमच्याकडं कोड आलेल्या मुलीला कुणी मारत-झोडत नाही. फक्त बाजूला करतात. लग्नात फोटोवाला आला की आई म्हणायची, "थोरले, जरा आत बघ, दूध उतू जाईल." चुलीवर दूध नसायचंच. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये भावकीतली सगळी माणसं आहेत, मांडवात शिरलेलं एक कुत्रंही आहे. आक्का नाही. ती तेव्हा मांडवामागं पत्रावळ्या मोजत बसली होती.

तिचं लग्न एका बिजवराशी लावलं. गलाईवाला. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायची, ती गलाई. आमच्या भागातली माणसं या धंद्यात देशभर पांगली आहेत. विट्याच्या आसपास कुठल्याही गावात विचारा, घरातला एक तरी माणूस लांबच्या कुठल्यातरी शहरात भट्टी पेटवून बसलेला असतो. दाजींचं दुकान पूर्वेकडं, दोन दिवसांच्या रेल्वेच्या अंतरावर. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सोयरीक ठरली तेव्हा सगळे म्हणाले, लांब हाय ते बरं.

दाजी चांगले निघाले. ते बाकीच्यांच्या हिशेबात नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आक्काच्या किडन्या गेल्या. मी भेटायला गेले. जायच्या आधी तिचा फोन आला होता, "धाकले, येताना तुजी ती पेटी घिऊन ये." पेटी म्हणजे स्टुडिओतला दोन भिंगांचा जुना कॅमेरा. वरून मान घालून बघायचा. तिनं आयुष्यात पहिल्यांदा फोटो मागितला होता.

तिथं पोचल्यावर कळलं का ते. तिची मुलगी, माझी भाची, कॉलेजात शिकते. तिनं आईचे फोनवर फोटो काढले होते. फोन आपोआप चेहरा साफ करतो. डाग भरतो, सुरकुत्या पुसतो, रंग एकसारखा करतो. भाचीनं ती खटपट बंद करून बघितली, तरी पाहुण्यांच्या गटात गेलेला फोटो कुणीतरी परत साफ करून धाडला. खाली लिहिलं, आता छान दिसतंय.

आक्का मला फोन दाखवून म्हणाली, "ह्यो लय शाना हाय बग. आमच्या सासूनं दहा वर्सं उटणी लावली, तिला जमलं न्हाई. ह्यानं बोट फिरवलं आन त्वांड धुतलं."

मग हसायचं थांबून म्हणाली, "मी गेल्यावर भितीवर फोटू लावतील का न्हाई? मग मलाच लावा. दुसरी बाई नगं."

एवढंच मागणं होतं तिचं.

मी तिला खोटं सांगितलं नाही. जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं डाग भरत, मीही ते काम शिकले आहे. पण निगेटिव्ह तुझ्या हातात असली की तुझ्यावर पेन्सिल कोण चालवणार, असं म्हणाले. तिनं मान हलवली. पटलं तिला.

दुकानाच्या मागं एक लहानसं अंगण होतं. तेजाबाचा वास नाकात बसायचा. सकाळच्या उन्हात तिला स्टुलावर बसवलं. पदर तिनं स्वतः मागं टाकला. केस वर बांधले. मान, कान, कपाळ, सगळं उघडं. तिला असं उन्हात बसलेलं मी लहानपणानंतर बघत होते. ती गालावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो बग खानापूर तालुका. ह्यो कपाळावर आटपाडी. हनवटीवर पलूस, त्यातलं ह्ये कुंडल. सगळा जिल्हा येऊ दे फोटूत, कापू नगंस." दाजी दारात उभे होते. ते म्हणाले, मग आमचं दुकान कुठं हाय त्यात. ती म्हणाली, तुमी नकाशाच्या भायेर.

मी दोन रोल काढले. शेवटच्या फोटोला ती हसली नाही. सरळ भिंगात बघत राहिली. मी घाई केली नाही.

काढून झाल्यावर तिनं विचारलं, "निगेटिव माज्या हातात देणार न्हवं?" मी म्हणाले, देणार. विट्याला जाते, धुते, घेऊन येते.

परतीला दाजींनी विमानाचं तिकीट काढलं. मेव्हणीला विमानानं धाडणं हा त्यांचा मान होता. गलाईवाले गावच्या जत्रेला विमानानं येतात, मग बायकोची बहीण दोन दिवस डब्यात बसून कशी जाईल. मी नको म्हणाले. मला माहीत होतं, न धुतलेल्या फिल्मचं विमानतळावर काय होतं. साधी फिल्म सामान तपासायच्या जुन्या एक्स-रे यंत्रातून एकदा-दोनदा गेली तर चालतं. आता जी नवी यंत्रं बसवतात त्यांच्यातून गेली की तिच्यावर धुकं चढतं. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवली तर त्याहून वाईट. तिथं रोल हातात घेऊन सांगायचं असतं, यंत्रात घालू नका, हातानं तपासा. मोठ्या शहरातल्या फोटोवाल्यांकडून हे ऐकलं होतं. मी दाजींना सगळं सांगितलं.

दाजी म्हणाले, "इनंती कशाला करायची? शिशातनं काय बी पार हुत न्हाई."

त्यांच्या दुकानात शिसं असतंच, धंद्यात लागतं. त्यांनी एका दुपारी पत्रा ठोकून डबी केली. दोन रोल बसतील एवढी. झाकण असं बसवलं की फट दिसू नये. कडा कानशीनं घासल्या, माझ्या हाताला लागू नयेत म्हणून. मलाही वाटलं, झालं काम. धातूतल्या माणसाला शिसं म्हणजे राखण. यंत्रासमोर बसलेल्याला ती काय दिसेल याचा विचार दाजींनी केला नाही, मीही केला नाही.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्या पुढं एक माणूस होता. माझ्याच वयाचा. गळ्यात कॅमेरा. मागं बांधलेले केस. तो फोनवर मराठीत बोलत होता, पुण्याकडची स्वच्छ मराठी. मला बरं वाटलं. त्याच्याकडंही रोल होते, पारदर्शक पिशवीत. त्यानं पिशवी वर धरली आणि इंग्रजीत एक-दोन वाक्यं बोलला. तपासणारा हसला. एकेक रोल हातात घेऊन फिरवला, फडक्यानं पुसला, परत दिला. "थँक यू सर" म्हणाला.

मला धीर आला. म्हटलं, होतंय की.

माझी पाळी आली. मी डबी हातात धरून म्हणाले, "ये भी फिल्म है. मशीन में नहीं डालने का. हाथ से देखो."

"ट्रे में रखो."

"अभी उनका हाथ से देखा ना."

"ट्रे में रखो, मैडम."

मी ठेवली. यंत्र थांबलं. मागं आलं, पुढं गेलं, परत थांबलं. पडद्यावर माझ्या पिशवीतलं सगळं दिसत होतं. किल्ल्या, चष्मा, आक्कानं दिलेले लाडू. मधे एक काळा ठोकळा. आणखी दोघं जण पडद्यासमोर आले.

त्यांनी विचारलं, कुठं उतरला होता. मी खरं सांगितलं. बहिणीकडं. बहिणीचे यजमान काय करतात. सोनं गाळतात. मला वाटलं, चांगला धंदा आहे, सांगायला काय. त्यानंतर मला कुणी मॅडम म्हटलं नाही.

एक जण दुसऱ्याला म्हणाला, "गाँव की औरतों से ही भेजते हैं. सीधी दिखती हैं ना."

बाई शिपायानं पडद्याआड नेलं. अंबाडा सोडायला लावला. निऱ्या चाचपल्या. चोळीत हात घातला. पायातली जोडवी काढायला लावली आणि ती हातात घेऊन वजन बघितलं. ती तिचं काम करत होती, तोंडातून वाईट शब्द काढला नाही, हेही लिहिते. पण मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, मोकळ्या केसांनी पडद्याबाहेर आले, तेव्हा ती सगळी रांग माझ्याकडं बघत होती.

टेबलावर डबी उघडी होती. रोल बाहेर काढलेले. तो गळ्यात कॅमेरावाला माणूस तिथंच बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी त्याच्याकडं गेले. म्हणाले, "दादा, तुमी मराठी हाय. तेवढं सांगा की त्यास्नी, रोल उघडू नका म्हणून. तुमचं ऐकतील."

तो म्हणाला, "काकू, शिशाचा डबा कोण आणतं हो? तुम्हीच संशय ओढवून घेतलात."

मी म्हणाले, "चुकलं. पण तेवढं सांगा."

तो उठला. "माझं बोर्डिंग सुरू झालंय." आणि गेला. एक वाक्य होतं. इंग्रजीतलं एक वाक्य, आणि ते त्याच्या तोंडात तयार होतं, कारण आत्ताच तेच त्यानं स्वतःसाठी वापरलं होतं.

मग मी हात जोडले. साहेब म्हणाले. पाया पडते म्हणाले, आणि खरंच वाकले. मी जितकी गयावया करत गेले तितकी त्यांची खात्री पटत गेली की कागदाच्या गुंडाळीत सोन्याचा पत्रा आहे. पहिला रोल उघडला. त्याचं सांगितलंच आहे. मग दुसरा उघडला. त्यातही काही नव्हतं.

"ले जाओ," तो म्हणाला.

मी गुडघ्यावर बसून दोन्ही गुंडाळले. का गुंडाळले ते माहीत नाही. कुणाच्यातरी बॅगेचं चाक एका टोकावरून गेलं, कागदावर त्याची काळी रेघ उमटली. कुणी सॉरी म्हटलं नाही. डबी त्यांनी ठेवून घेतली.

विमानात तो माणूस माझ्या समोरच्याच ओळीत निघाला. वर गेल्यावर मागं वळून म्हणाला, वाईट वाटलं. मग म्हणाला, "पण घरगुतीच फोटो होते ना? फोनमध्ये असतीलच."

थोड्या वेळानं तो परत वळला. आता त्याचा आवाज वेगळा होता, मऊ. म्हणाला, प्रकाश लागून खराब झालेल्या फिल्म मी जमवतो, त्या मोठ्या करून भिंतीवर लावतो, प्रदर्शनं झाली आहेत माझी. तुम्हाला आता त्यांचा उपयोग नाही, मला द्या. खाली तुमचं नाव लिहीन.

पडद्याआड माझे केस सोडले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आता येईल असं वाटलं. आलं नाही. त्याऐवजी डोकं एकदम स्वच्छ झालं. हा माणूस एका वाक्यानं माझ्या बहिणीला वाचवू शकत होता. तेव्हा त्याला वेळ नव्हता. आता ती संपली, तर ती त्याला भिंतीवर हवी होती. आणि मला दादा म्हणून हाक मारायला हाच सापडला होता.

मी मुद्दाम गावाकडचंच बोलले. "न्हाई द्यायची."

"फेकूनच देणार ना तुम्ही?"

"फेकीन, न्हाईतर जाळीन. तुमच्या भितीवर माजी भन जाणार न्हाई."

तो पुढं बघून बसला. उतरेपर्यंत वळला नाही.

विट्यात आल्या आल्या मी रोल धुतले. माहीत असूनही धुतले. दोन्ही पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळ्या निघाल्या. दिव्यावर धरून, भिंग लावून बघितल्या. कुठं कानाची कड, कुठं केस, कुठं स्टुलाचा पाय तरी दिसतो का. काही नाही. नवऱ्यानं डार्करूमचं दार वाजवलं आणि परत गेला.

आक्काला फोनवर सगळं सांगितलं. डबीचं तेवढं सांगितलं नाही, दाजी शेजारी असणार म्हणून. ती म्हणाली, "मग परत ये. मी कुटं पळतीया." मी रेल्वेचं तिकीट बघायला लागले. आठवडा भरला नाही तोवर फोन आला. आक्का गेली.

तेराव्याला दाजींच्या गावी जमलो. ओसरीवर पाटावर फोटो ठेवला होता, हार घातलेला. दाजींच्या भावकीनं सांगलीहून मोठा करून आणला होता. गुळगुळीत चेहरा. ओठ गुलाबी. कपाळ एका रंगाचं. खानापूर नाही, आटपाडी नाही, काही नाही. बायका येत होत्या, फूल वाहत होत्या, म्हणत होत्या, किती छान दिसते बघा.

भाची माझ्याशेजारी बसली होती. ती मला हळूच म्हणाली, "मावशी, ही कोण बाई हाय गं?"

मी तिचा हात धरला. तेव्हा दिसलं. तिच्या मनगटावर, बांगड्यांच्या मागं, तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. तिनं हात मागं घेतला नाही. मला बघू दिलं.

भावकीनंही तो बघितला होता. पाटावरचा हार सुकायच्या आत पोरीच्या लग्नाची बोलणी निघाली. पसरायच्या आत उरकून टाका, असं एक जण म्हणाला. तिचा फोनातला साफ फोटो तीन-चार स्थळांना गेलाही. दाजी कोपऱ्यात बसून होते. त्यांना आता कुणी काही विचारत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. ठिपका मनगटावरून वर सरकला होता, मानेवरही एक आला होता. ती म्हणाली, "फोनातला फोटू मी कुणाला धाडणार न्हाई. मी हाय तशी काढ. ज्याला बगायचं त्यो तसाच बगंल, न्हाईतर नगं बगू दे. आन निगेटिव माज्या हातात."

नवरा म्हणाला, रेल्वेनं जा, रेल्वेनं ये, कशाला परत त्या भानगडीत. बरोबर होतं त्याचं. मी भाचीला विचारलं. रोल तिचे, चेहरा तिचा. ती म्हणाली, "रोल गेलं तर मी परत बसीन. पण तू लपूनछपून जाऊ नगंस." मी विमानाचं तिकीट काढलं.

त्याच अंगणात तिला बसवलं. आईसारखी बोलत नाही ती. गप्प बसून भिंगात बघते.

परतीच्या दिवशी दाजींनी विचारलं, काही करून देऊ का. मी नको म्हणाले. रोल साध्या पारदर्शक पिशवीत घातले. विमानतळावर चष्मा, किल्ल्या, पर्स ट्रेमध्ये ठेवल्या. पिशवी ठेवली नाही.

"ये क्या है?"

"फिल्म है. बिना धुली. मशीन में नहीं जाएगी. हाथ से देखो."

"ट्रे में रखो."

"नहीं रखूँगी. सील मत तोड़ना, बाकी जितना देखना है देखो. तुमसे नहीं होता तो तुम्हारे बड़े साहब को बुलाओ. मैं यहीं खड़ी हूँ."

त्यानं बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले नाही. बाजूला झालेल्या माणसाचं काय होतं ते मी घरातच बघितलं आहे. रांग वाढायला लागली. मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, एका बाईपायी सगळ्यांचा खोळंबा. मी वळून बघितलं. कॉलर ताठ, हातात लॅपटॉप. मी त्याला सांगितलं, "खोळंबा हुणार हाय. थांबा."

तपासणारा फोनवर बोलत होता. माझ्या विमानाचं नाव एकदा पुकारून झालं होतं. पिशवी माझ्या हातात होती, सगळ्यांना दिसेल अशी, छातीएवढ्या उंचीवर. हात दुखत होता, तरी खाली घेतला नाही. विमान गेलं तर जाऊ दे. उद्याही येईन, ह्याच रांगेत, हेच रोल घेऊन, हेच सांगेन. पण हात जोडणार नाही.